दुसरा ब्रेक

“क्लच सोडू नका, सोडू नका,” मी म्हणेपर्यंत गाडीनं आचका दिला आणि ती भर चौकात बंद पडली.

“गेली,” प्रमिलाताई म्हणाल्या.

“जाऊ दे. न्यूट्रल करा, चावी फिरवा. घाई करू नका.”

मागून एका जीपनं हॉर्न लावून धरला. जानेवारीतली सकाळ, जेमतेम सात वाजलेले. फलटणच्या त्या चौकात उसाच्या ट्रॉल्या, दुधाच्या गाड्या, शाळेच्या रिक्षा सगळ्या एकाच वेळी उगवतात. त्यांत माझी पिवळी मारुती मधोमध बसकण मारून उभी. टपावर पाटी: ‘भोईटे मोटार ड्रायव्हिंग स्कूल’. खाली बारीक अक्षरात ‘बावीस वर्षांची अखंड सेवा’.

प्रमिलाताई नाळे कन्याशाळेत शिवण शिकवायच्या. वय सत्तेचाळीस. त्यांचे यजमान मधुकरराव पाटबंधारे खात्यातून लवकर निवृत्त झाले, कारण दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला बारामतीला न्यावं लागायचं. दारात स्वतःची पांढरी गाडी होती; पण साहेबांना आता चालवताना चक्कर यायची, आणि भाड्याचा ड्रायव्हर ऐन वेळी येत नाही म्हणायचा. एकदा तर मंगळवार चुकला, आणि बुधवारी साहेबांना श्वास घेता येईना. तेव्हा बाईंनी ठरवलं, आपणच शिकायचं. पहिल्या दिवशी गाडीत बसताना त्यांनी मला एकच विचारलं होतं, “सर, मी बारामतीपर्यंत जाईन ना?”

“महिन्याभरात नेतो तुम्हाला,” मी म्हणालो होतो.

आणि तो माझा पोकळ शब्द नव्हता. शिकवायला मी चांगला होतो. तालुक्यातली निम्मी लायसनं माझ्या हाताखालून गेली असतील. रागीट होतो, पण ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि मलाही त्याचा अभिमानच होता. मास्तर तापट असला की विद्यार्थी चांगला तयार होतो, असं मी चारचौघांत सांगत असे.

माझी एक पद्धत होती. शिकाऊ गाडीत मास्तरच्या पायाशीही एक ब्रेक आणि एक क्लच असतो, हे पुष्कळांनी पाहिलं असेल. पहिले दहा दिवस मी विद्यार्थ्याला ब्रेकला पायच लावू देत नसे. नवा माणूस घाबरला की कचकन ब्रेक दाबतो आणि मागचा येऊन आदळतो. म्हणून माझा नियम ठरलेला. स्टिअरिंग, गिअर, क्लच, ॲक्सिलेटर तुमचं, ब्रेक माझा. “गाडी थांबवायची काळजी तुम्ही करायचीच नाही. ते माझं काम. मी आहे ना!” हे मी रोज म्हणायचो, आणि त्यांच्याकडून म्हणवून घ्यायचो. अकराव्या दिवशी ब्रेक त्यांच्या ताब्यात द्यायचा. चौकात गाडी बंद पडली तो प्रमिलाताईंचा नववा दिवस होता.

तिसऱ्यांदा चावी फिरवली तेव्हा गाडी चालू झाली. तेवढ्यात डाव्या बाजूनं, माझ्या खिडकीला अगदी लागून, एक मोटारसायकल आली. चालवणाऱ्यानं कानटोपी आणि मफलर गुंडाळलेला, खांद्यावर दोरीचं वेटोळं. तो माझ्याकडे वाकून काहीतरी म्हणाला, हसला आणि निघून गेला. काय म्हणाला ते पुढं येईलच. चौकातल्या चहाच्या गाड्यावरची दोन माणसंही हसली.

माझं डोकं सणकलं.

“घ्या गाडी त्याच्या मागं,” मी म्हणालो.

“कुणाच्या?”

“त्या टोपीवाल्याच्या. बारामती रस्त्याला लागलाय. घ्या.”

“सर, आपल्याला मैदानावर जायचं होतं ना?”

“मैदान राहू द्या. दुसरा टाका. आता तिसरा. दाबा ॲक्सिलेटर.”

त्यांनी दाबला. नऊ दिवसांत मी सांगितलं आणि त्यांनी केलं नाही, असं कधी घडलं नव्हतं. शिक्षकाचं ऐकायचं असतं असं मानणाऱ्या त्या बाई, स्वतः शिक्षिकाच. गाव मागं पडलं. दोन्हीकडे ऊस, मध्ये अरुंद डांबरी रस्ता. मोटारसायकल पुढं दिसत होती, तिला काही घाई नव्हती.

“सर, साठ झाले. मी एवढी जोरात कधी...”

“मी आहे ना! चौथा टाका.”

“सर, जाऊ दे ना त्यांना.”

“बाई, सांगतो तेवढं करा.”

आवाज चढला होता माझा. त्यांनी चौथा टाकला. स्टिअरिंगवरची त्यांची बोटं पांढरी पडलेली मला दिसत होती. दिसत होती, आणि तरीही मी डावी काच खाली करत होतो.

“उजवीकडून घ्या. त्याच्या बरोबरीला आणा.”

गाडी मोटारसायकलच्या बरोबरीला आली. मी कमरेपर्यंत खिडकीतून बाहेर वाकलो आणि तोंडाला येईल ते बोललो. त्याच्या आईबापापर्यंत गेलो. त्यानं मान वळवली. मफलरमधून फक्त डोळे दिसत होते. ते रागावलेले नव्हते, त्यांना काही कळतच नव्हतं. त्यानं हात वर करून “काय झालं?” असं विचारलं. त्याला कळत नाही याचा मला आणखी राग आला. मी आणखी बाहेर वाकलो आणि हात उगारला. माझे दोन्ही पाय सीटवर होते. एक गुडघा दुमडून मी त्याच्यावर उभाच राहिलो होतो म्हणा ना.

समोरून एसटीचा हॉर्न आला.

पुढं पाहिलं तर डाव्या कडेला उसाची ट्रॉली उभी होती, टायर पंक्चर म्हणून सोडून दिलेली. उजवीकडून एसटी येत होती. मधल्या जागेत एक गाडी मावली असती, गाडी आणि मोटारसायकल मावणार नव्हती. अशा वेळी करायची गोष्ट एकच, आणि ती पोरालाही कळेल. ब्रेक मारायचा. मोटारसायकलला पुढं जाऊ द्यायचं.

“सर!” प्रमिलाताई ओरडल्या. “सर! सर!”

त्या मला हाक मारत होत्या. ब्रेक माझा होता.

एसटी अंगावर आली तशी त्यांनी स्टिअरिंग डावीकडे घेतलं. मी अंग आत ओढलं, पाय खाली टाकला, ब्रेक शोधला, मारला. गाडी थांबली तेव्हा तिच्या डाव्या अंगाखाली मोटारसायकल ट्रॉलीच्या चाकावर दाबलेली होती. माणूस तिच्यावर पालथा पडला होता आणि त्याचा डावा पाय मध्ये अडकला होता. तो पाय कसा दिसत होता ते मी कधी कुणाला सांगितलेलं नाही, इथंही सांगत नाही.

माणसं उसातून धावत आली. तोडीवाले, ट्रॅक्टरवाला, एसटीतले लोक. कुणीतरी मफलर सोडला.

“आरं, ह्यो तर दत्ता वायरमन!”

“मदन्यांचा दत्ता? आरं देवा!”

गाडी उचलून बाजूला घेतली, दत्ताला एसटीतच घालून दवाखान्यात नेलं. प्रमिलाताई स्टिअरिंग सोडत नव्हत्या. हात तसेच, नजर समोर. मी त्यांच्या बाजूचं दार उघडलं तेव्हा त्यांनी अगदी हळू विचारलं. दुसऱ्या कुणालाही ऐकू गेलं नाही.

“सर, तुम्ही ब्रेक का नाही मारला?”

मी दार धरून उभा राहिलो. तोवर गर्दीनं निकाल लावला होता.

“बाई चालवीत हुती.”

“मंग झालंच. ब्रेक समजून ॲक्सिलेटर दाबला आसंल.”

“बायकांचं असंच हुतंय.”

हवालदार काळुखे आले. त्यांच्या मुलीला मीच शिकवलं होतं. त्यांनी ट्रॉली पाहिली, गाडी पाहिली, रस्त्यावरच्या खुणा पाहिल्या आणि मला एका बाजूला घेतलं. पण फार दूर नाही. प्रमिलाताई चार पावलांवर दगडावर बसल्या होत्या.

“सर, शिकाऊ गाडीत जबाबदारी तुमची धरतात. तुम्हाला ठाऊकच आहे.”

“हो.”

“तुमच्या बाजूचा ब्रेक चालू आहे ना?”

“चालू आहे.”

“मारला होता ना तुम्ही?”

मी रस्त्यावरच्या खुणांकडे पाहिलं. मग म्हणालो, “मारला.”

“म्हणजे तुम्ही ब्रेक मारला आणि बाईंनी घाबरून ॲक्सिलेटर दाबून धरला. असंच ना?”

“असंच झालं असेल.”

ते लिहिलं गेलं. ब्रेक मी मारला होता, हे खोटं नव्हतं. कधी मारला ते कुणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. त्या दिवशी आणि पुढचे तीन दिवस मी स्वतःला हेच समजावत राहिलो. प्रमिलाताईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं होतं. त्यांनी ऐकलं होतं. मला वाटलं आता त्या उठतील, ओरडतील. त्या उठल्या नाहीत. त्यांनी स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

चौथ्या दिवशी सकाळी त्या माझ्या ऑफिसात आल्या. ऑफिस म्हणजे एक गाळा, एक टेबल आणि भिंतीवर वाहतुकीच्या चिन्हांचा तक्ता. मी उठून उभा राहिलो. चार दिवसांत बाई म्हाताऱ्या दिसायला लागल्या होत्या.

“बसा ताई.”

“बसत नाही. सर, दत्तांचा पाय घोट्याच्या वर काढावा लागला. तुम्हाला कळलं?”

“कळलं.”

“मला त्यांची माफी मागायला जायचंय. एकटीला धीर होत नाही. तुम्ही येता का सोबत?”

मी तक्त्याकडे बघत राहिलो.

“मी खूप आठवून पाहिलं, सर,” त्या म्हणाल्या. “आधी मला वाटत होतं, माझा पाय बरोबर होता. मग तुम्ही हवालदारांना म्हणालात तेव्हा वाटलं, तुम्हाला जास्त कळतं. तुम्ही शेजारी होता. माझाच पाय पडला असणार दाबून. आता तर मला तसंच आठवायला लागलंय.”

“साहेब कसे आहेत?” मी विचारलं.

“काल दिरांनी नेलं बारामतीला. ते म्हणाले, बास झालं आता, गाडी विकून टाकू, रविवारी माणूस बघायला येतोय. मीही हो म्हणाले. ज्या बाईला स्वतःचा पाय कळत नाही तिनं दारात गाडी ठेवून काय करायचं? पुढं डायलिसिसचं काय ते देवाला ठाऊक.” मग म्हणाल्या, “येता ना?”

नाही म्हणायला तोंड नव्हतं. मी गेलो.

दवाखान्यात दत्ता भिंतीकडच्या खाटेवर होता. वय पस्तिशीचं, सावळा, काटक. खांबावर सरसर चढणारी माणसं असतात तसा. कानटोपी नसताना मी त्याला पहिल्यांदाच नीट बघत होतो. त्याची बायको मंगल स्टुलावर बसून त्याला चहात बुडवून बिस्कीट भरवत होती. आम्हाला पाहून तिनं पदर सावरला आणि कप खाली ठेवला.

प्रमिलाताईंनी हात जोडले. “मी... मी चालवत होते.”

“वळखलं,” दत्ता म्हणाला. “बसा, वहिनी.”

“माझ्या हातून फार मोठं पाप झालं. तुमचं आयुष्य...”

दत्ता छताकडे बघत होता. मग म्हणाला, “वहिनी, शिकताना हुतं माणसाकडनं. मी बी वायरमन झालो तवा पयल्या महिन्यात एकाला शॉक दिल्ता चुकून. वाचला म्हनून बरं. तुमी काय मुद्दाम केलं का? पाय चुकला तुमचा. माझ्या मनात काय न्हाय.”

“असं म्हणू नका.”

“खरंच न्हाय. रात्री हिलाबी तेच म्हणलो. बाईचा नवरा आजारी हाय, त्याच्यासाठी शिकत्यात बिचाऱ्या. देवानंच घात केला म्हणायचा. तुमी गाडी सोडू नगासा.”

हे ऐकून प्रमिलाताई खाटेच्या पायथ्याशी गेल्या आणि वाकल्या. सत्तेचाळीस वर्षांच्या बाई पस्तिशीच्या माणसाच्या पाया पडायला वाकल्या. तिथं चादर एका बाजूला उंच होती आणि दुसऱ्या बाजूला गादीला टेकलेली. त्यांचा हात अधांतरी राहिला, कुठं ठेवावा ते त्यांना कळेना.

“आवो नगं, नगं! मंगल, उठीव त्यांना!”

“त्यांचा पाय चुकला नाही,” मी म्हणालो.

माझाच आवाज मला परका वाटला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता थांबलो तर पुन्हा कधी बोलता येणार नाही, हे मला कळत होतं.

“ब्रेक त्यांच्याकडे नव्हताच. नव्या माणसाला मी ब्रेकला पाय लावू देत नाही. ब्रेक माझ्याकडे असतो. त्यांनी तीनदा हाक मारली मला. मी खिडकीतून बाहेर वाकून तुला शिव्या देत होतो, दत्ता. माझे पाय सीटवर होते. तुझ्या मागं गाडी मीच घालायला लावली. त्या नको म्हणत होत्या.”

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा कुशीवर वळून ऐकायला लागला.

“माझ्या मागं?” दत्ता म्हणाला. “कशापायी? मी काय केलं हुतं?”

“चौकात गाडी बंद पडली होती. तू खिडकीशी आलास आणि मला काहीतरी म्हणालास.”

“काय म्हणलो?”

ते शब्द चार दिवस माझ्या डोक्यात घुमत होते. आता त्या माणसासमोर, त्या चादरीसमोर, ते जिभेवर येईनात. पण तो वाट बघत होता.

“म्हणालास, ‘मास्तर, तुमाला तरी येती का चालवायला?’”

दत्ता आठवण्याचा प्रयत्न करत राहिला. मी त्याचा चेहरा बघत होतो. त्याला आठवत नव्हतं.

“असं म्हणलो व्हय मी? म्हणलो आसन. गमतीनं म्हणलो आसन.”

“एवढ्यासाठी?” मंगल म्हणाली. आम्ही आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलली. ओरडली नाही, रडलीही नाही. “एवढ्यासाठी वो, मास्तर?”

“हो.”

“पन सगळं गाव हसतंय एकमेकाला,” ती म्हणाली. “हसू नये का मान्सानं?”

दत्तानं तोंड भिंतीकडे फिरवलं. बाईंना माफ करताना त्याचा आवाज जसा होता तसा मला पुन्हा कधी ऐकायला मिळाला नाही. भिंतीकडे बघूनच तो म्हणाला, “मंगल, ह्यांना भायेर जायला सांग.”

आम्ही बाहेर आलो. दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली रिक्षा उभ्या होत्या. प्रमिलाताई माझ्या पुढं चालत होत्या. एकदम थांबल्या आणि मागं वळल्या. मी त्यांना इतक्या संतापलेलं कधी पाहिलं नव्हतं, आणि तरी आवाज खालीच होता.

“बावीस वर्षं मी शिवणयंत्र चालवतेय, सर. पायानं. नजर टाक्यावर असते, पाय खाली आपला आपण थांबतो. बोटाच्या पेराएवढं थांबवता येतं मला. एका मुलीच्या बोटात कधी सुई गेली नाही माझ्या वर्गात. आणि तुमच्या एका शब्दावर मला वाटायला लागलं, माझा पाय मला कळत नाही.”

“चुकलं, ताई.”

“रात्री उठून मी पलंगावर बसायचे आणि जमिनीवर पाय दाबून बघायचे. हा ब्रेक, हा ॲक्सिलेटर. कुठला पडला असेल? हे उठून विचारायचे, काय करतेस? काय सांगणार त्यांना?”

मी मान खाली घातली.

“माझ्यापुढं मान घालून उपयोग नाही. रिक्षात बसा. पोलीस ठाण्यात चला आणि आत जे बोललात ते तिथं लिहून द्या. मी शेजारी बसते.”

काळुखे हवालदार वैतागले. “सर, लिहून झालंय. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय? बाईंना दंडावर सोडवलं असतं मी.”

“लिहा,” प्रमिलाताई म्हणाल्या. “आणि वेळ पण लिहा. एसटीचा हॉर्न वाजल्यावर मी तीनदा हाक मारली तेही लिहा.”

मी सांगत गेलो, ते लिहीत गेले. मध्ये मी ‘थोडा राग आला’ म्हणालो तेव्हा बाईंनी फक्त माझ्याकडे पाहिलं. मी ‘थोडा’ काढायला लावला.

स्कूलचा परवाना आधी थांबला, मग गेला. टपावरची पाटी मी स्वतः उतरवली. कोर्टात दोन वर्षं गेली. शिक्षा झाली ती भोगून आलो. दत्ता वीज खात्यात राहिला; पण खांब सुटला, तक्रारींच्या फोनपाशी बसवलं त्याला. मी तीनदा त्याच्या घरी गेलो. तिन्ही वेळा मंगलनं दारातच पाणी दिलं आणि आत बोलावलं नाही. ते बरोबरच होतं.

पण मला सांगायचंय ते त्या आधीचं, परवाना थांबला त्या आठवड्यातलं. सोमवारी संध्याकाळी प्रमिलाताई पुन्हा गाळ्यात आल्या. मी तक्ता गुंडाळत होतो.

“गाडी विकली नाही,” त्या म्हणाल्या. “दिरांना सांगितलं, विकायची नाही.”

“चांगलं केलंत.”

“उद्या मंगळवार आहे. बारामतीला मी नेणार ह्यांना. तुम्ही यायचं.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. “मी? ताई, माझा परवाना...”

“लायसन ह्यांचं आहे, ते शेजारी बसतील. पण ह्यांना शिकवता येत नाही, नुसते ओरडतात. तुम्हाला शिकवता येतं, ते मी नाकारत नाही. तुम्ही मागं बसा आणि सांगा.”

माझे डोळे भरून आले. “ताई, तुम्ही मला माफ...”

“नाही,” त्या म्हणाल्या. “माफ केलं म्हणून बोलवत नाही. मला बारामतीला जायचंय म्हणून बोलवतेय.”

मंगळवारी सहाला आम्ही निघालो. त्यांची स्वतःची पांढरी गाडी, ब्रेक एकच. शेजारी मधुकरराव, स्वेटर आणि शाल गुंडाळून, मांडीवर फायलीची पिशवी. मी मागं, मधोमध. पहिला तास मी मैदानावर त्यांना फक्त ब्रेक शिकवला. हळू दाबायचा, अर्धा दाबायचा, एकदम दाबायचा. अकराव्या दिवशी शिकवायचं ते. पाचव्या खेपेलाच गाडी अशी थांबायला लागली की साहेबांच्या मांडीवरची पिशवी हलत नव्हती.

“टाक्यावर थांबवायचं आहे फक्त,” त्या स्वतःशीच म्हणाल्या.

मग रस्त्याला लागलो. ट्रॉली उभी होती ती जागा आली तेव्हा त्यांनी वेग कमी केला. मागून एका टेम्पोनं हॉर्नचा सपाटा लावला, दिवे मारले. माझी मान आपोआप मागं वळायला गेली, मी ती धरून ठेवली. बाईंनी गाडी कडेला घेतली, टेम्पो धूळ उडवत निघून गेला, आणि त्या पुन्हा रस्त्यावर आल्या. बारामतीपर्यंत मी सगळी मिळून दहा वाक्यं बोललो असेन. शेवटची पाच तर लागलीही नसती.

दवाखान्याच्या फाटकात त्यांनी गाडी लावली, साहेबांना हात धरून उतरवलं. मग माझ्याकडे वळल्या.

“ह्यांना चार तास लागतील. तुम्ही एसटीनं जा, सर. परत आम्ही येऊ.”

“ताई, आज पहिलाच दिवस. मी थांबतो की. मागं बसतो नुसता.”

“नको,” त्या म्हणाल्या. “मागं तुम्ही असलात की मी हाक मारीन.”

त्या आत गेल्या. मी गेलो नाही. रस्त्याच्या पलीकडे एसटीचा थांबा होता, तिथल्या बाकड्यावर बसून राहिलो. फलटणच्या तीन गाड्या आल्या, गेल्या. दोनच्या सुमारास पांढरी गाडी फाटकात आली. शेजारी साहेब मान टाकून झोपले होते, डायलिसिसनंतर झोपतात तसे. बाई एकट्याच जाग्या. उजवीकडून ट्रक येत होता. त्या थांबल्या. ट्रक जाऊ दिला, पाठोपाठची बैलगाडीही जाऊ दिली, दोन्हीकडे पाहिलं, मग गाडी सावकाश वळवली आणि फलटणच्या रस्त्याला लागल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

मला रडू आलं. मोठ्यानं आलं, आवरेचना. बाकड्यावर एक म्हातारी गाठोडं घेऊन बसली होती, ती सरकून जवळ आली.

“काय झालं रं बाबा? दवाखान्यात कोन गेलं का?”

“नाही, आजी,” मी म्हणालो. “माझ्या हातची एक बाई पास झाली. शेवटचीच.”

“मंग रडतुयास कशापायी?”

ते सांगायला सगळंच पहिल्यापासून सांगावं लागलं असतं, आणि फलटणची गाडी लागली होती.